खूण सांगून शब्द शोधणे

हजार-दोन हजार नावांची यादी संगणकात आहे, असे समजा. तीतून कुलकर्णी मंडळी वेगळी काढावयाची आहेत. काम सोपे वाटते. पण कोणी ‘कुलकर्णी’ लिहितो, कोणी ‘कुळकर्णी’. अशा वेळी आपण संगणकाला शब्द न सांगता शब्दाची खूण सांगतो : आधी ‘कु’, पुढे ‘ल’ किंवा ‘ळ’ यांपैकी एक, मग ‘कर्णी’. चौकटी कंसात पर्याय घालून ती कु[लळ]कर्णी अशी लिहितात. या खुणेला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात; प्रोग्रॅमर मंडळींचे घरगुती नाव ‘रेजेक्स’.

खूण वाचून मजकुरात शोध घेणारा प्रोग्रॅम प्रत्येकाने नव्याने लिहावा लागत नाही. तो तयार मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. (पुस्तकांचे कपाट डोळ्यांपुढे आणू नका, बरं का!) हेन्री स्पेन्सर यांनी १९८६ साली अशी एक लायब्ररी सर्वांना मोफत दिली. फिलिप हेझेल यांनी १९९७ साली लिहावयास घेतलेली पीसीआरई तर कितीतरी प्रोग्रॅमांच्या पोटात बसलेली आहे. मात्र लायब्ररी आत शोध कसा घेते हे ठाऊक नसले, तर कधी कधी घात होतो.

शोधाच्या रीती मुख्यतः दोन. अनोळखी गावात घर शोधणारा मनुष्य फाट्यावर एक वाट धरतो, चुकली की फाट्याशी परत येऊन दुसरी धरतो. ही पहिली रीत, बॅकट्रॅकिंग. दुसरी केन टॉम्प्सन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केली. तीत फाटा आला की दोन्ही वाटांनी माणसे धाडावयाची, सर्वांनी एकेक पाऊल बरोबरच टाकावयाचे, आणि दोघे एकाच चौकात भेटले तर एकाला घरी पाठवावयाचे. म्हणून गर्दी हाताबाहेर जात नाही.

मग सगळे हीच रीत का वापरत नाहीत? कारण पहिलीला ‘मघाचाच तुकडा पुन्हा’ ही खूण समजते. हळूहळू, पटपट, गरगर असे शब्द एका खुणेत हुडकता येतात. टॉम्प्सनच्या रीतीला ते जमत नाही.

आता घात कसा होतो तो पाहा. ‘एक वा अधिक अ, असा गट एक वा अधिक वेळा, शेवटी ब’ ही खूण (अ+)+ब अशी लिहितात. मजकुरात नुसते अ आहेत, ब नाहीच. दहा अ गटांत वाटण्याच्या तऱ्हा ५१२, विसांच्या ५,२४,२८८, तिसांच्या ५३ कोटींवर! ‘नाही’ म्हणण्यापूर्वी बिचारे यंत्र त्या सगळ्या तपासू पाहते.

क्लाउडफ्लेअर ही कंपनी असंख्य संकेतस्थळांच्या दाराशी पहारा करते. २ जुलै २०१९ रोजी तिने पहाऱ्याच्या नियमांत एक नवी खूण घातली. ‘काहीही, कितीही’ हा भाग तीत लागोपाठ आला होता. वरच्या उदाहरणाइतकी ती वाईटही नव्हती. तरी यंत्रांची सारी शक्ती मागे फिरण्यात गेली आणि जगभरची संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे बंद पडल्यासारखी झाली.

तेव्हा खूण किंवा मजकूर परक्याकडून येणार असेल, तर गूगलने २०१० साली खुली केलेली आरई-टू घ्यावी. ती मागे फिरत नाही; ‘हळूहळू’वर मात्र पाणी सोडावे लागते. पीसीआरईच वापरावयाची असेल तर तिच्यात प्रयत्नांची मर्यादा घालता येते, ती घाला. आणि चाचणीला जुळणारा मजकूर देऊन थांबू नका. लांबलचक, जवळजवळ जुळणारा, पण शेवटच्या अक्षराला फसणारा मजकूर द्या.

मराठीपुरते आणखी एक. पायथन भाषेबरोबर येणारी रेजेक्सची लायब्ररी काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानीत नाही. ‘सलग अक्षरे दे’ म्हणून तिला ‘पाणी’ द्या, ती ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे हाती ठेवते! तेथे देवनागरीची सारी चिन्हे खुणेत आपणच नमूद करावी लागतात.