वादळानंतरची वीज : क्रम, धीर आणि गावाची जबाबदारी

(शिक्रापूर येथे शिरूर व दौंड तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वादळ ओसरले की गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे, ‘वीज केव्हा येणार?’ वीज खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हा प्रश्न असंख्य वेळा ऐकावा लागतो. प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या उत्तराचा मोठा भाग वादळापूर्वीच गावाने दिलेला असतो, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

वीज दोन प्रकारांनी खंडित होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात भूकंप झाला. पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील निर्मिती थांबली आणि शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मुंबईतील कारखाने थंडावले. हा मुळावरचा आघात होय. अशा वेळी दुरुस्तीचे ठिकाण ठरलेले असते आणि सारे तज्ज्ञ व साहित्य तेथे एकवटता येते.

दुसरा प्रकार ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा. ३ जून २०२० रोजी ते रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन–दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. पुढे ते आपल्या पुणे जिल्ह्यावरून नाशिककडे सरकले. रायगड व रत्नागिरीच्या किनारपट्टीवर नारळी-पोफळीच्या बागा तारांवर कोसळल्या, खांब मोडले, रोहित्रे जमिनीवर आली. वीजनिर्मिती केंद्रे शाबूत होती, परंतु मोडतोड हजारो ठिकाणी विखुरलेली होती. रस्ते झाडांनी अडलेले, मोबाइलचे मनोरे बंद आणि त्यात करोनाच्या टाळेबंदीमुळे मजूर आपापल्या गावी गेलेले! महावितरणची पथके इतर जिल्ह्यांतून आणली गेली. तरीही श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतील अनेक गावांना कित्येक आठवडे अंधारात काढावे लागले. जगाचा अनुभवही असाच आहे. सप्टेंबर २०१७ मधील चक्रीवादळानंतर पोर्तो रिको बेटावर अखेरच्या घरांपर्यंत वीज पोहोचण्यास सुमारे अकरा महिने लागले.

शिरूर आणि दौंड समुद्रापासून दूर असले, तरी वळवाची वादळे आणि भीमा, घोड व मुळा-मुठेचे पूर आपल्याला नवे नाहीत. म्हणून हा विचार आपणही करावयास हवा.

पुरवठा पूर्ववत होण्याचा क्रम

वीज ज्या वाटेने गावात येते, त्याच वाटेने ती परत येते. प्रथम अतिउच्चदाब वाहिन्या व मोठी उपकेंद्रे, नंतर ३३ केव्हीची वाहिनी व उपकेंद्र, त्यानंतर ११ केव्हीची वाहिनी, मग आपण ज्याला डीपी म्हणतो ते रोहित्र, त्यापुढे लघुदाब तारा आणि शेवटी घराची जोडणी. वरची पायरी सिद्ध झाल्याशिवाय खालची दुरुस्ती उपयोगी पडत नाही. आपल्या वस्तीचा खांब उभा राहिला आणि तरीही दिवा लागला नाही, तर त्याचे कारण बहुधा दहा किलोमीटर मागे असते.

पुराच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. पाण्यात बुडालेले रोहित्र किंवा उपकेंद्रातील यंत्रसामग्री पाणी ओसरताच चालू करता येत नाही. ती स्वच्छ करून वाळवावी लागते, तिचे विद्युतरोधन तपासावे लागते. या कामी जाणारा दिवस वाया गेला असे कोणी समजू नये. घाईने विद्युतभारित केलेले रोहित्र जळाले, तर एका दिवसाऐवजी अनेक दिवस जातात.

दोन घातक चुका

पहिली चूक जनित्राची. घरचे किंवा दुकानातील जनित्र योग्य बदल-स्विच न बसवता थेट वायरिंगला जोडले, तर त्याची वीज मीटरमार्गे बाहेरच्या तारांवर जाते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. घरातील २३० व्होल्टचा दाब उलट वाटेने ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवर चढतो. पलीकडे खांबावर काम करणारा लाइनमन मात्र वाहिनी बंद असल्याच्या विश्वासाने तारेला हात लावतो. तारा भूसंपर्कित करून काम करण्याचा नियम त्याच्या रक्षणासाठीच आहे. परंतु आपल्या एका घरातील निष्काळजीपणा त्याच्या जिवावर बेतू शकतो, हे आपण विसरता कामा नये.

दुसरी चूक शेतीपंपाच्या ऑटोस्विचची. आपला भाग उसाचा, कांद्याचा, म्हणजे पंपांचा. वीज येताच सर्व पंप एकाच क्षणी सुरू झाले, तर सुरुवातीचा प्रचंड भार वाहिनीला पेलत नाही आणि नुकताच सुरू झालेला पुरवठा पुन्हा बंद पडतो. दुष्काळात विहिरीवर पाळीने पाणी भरणाऱ्या गावाला पंपांची पाळी ठरवणे अवघड नाही.

गावाने काय करावे?

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील रोहित्रांचा साधा नकाशा तयार करावा. कोणत्या डीपीवर कोणती वस्ती, कोठे तारांवर फांद्या आल्या आहेत, कोणत्या वाटेने ट्रॅक्टर जाऊ शकतो, हे त्यात असावे. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या पथकाला असा नकाशा आणि वाट दाखवणारे दोन जाणते तरुण मिळाले, तर अर्धा दिवस वाचतो. पथकाच्या निवासाची सोय शाळेत आणि जेवणाची सोय गावात व्हावी. फांद्या तोडणे मात्र वाहिनी बंद करून, कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालीच व्हावे. वादळाचा इशारा मिळताच पाण्याची उंच टाकी भरून ठेवावी.

शिक्षकांकडे मोठे काम आहे. जमिनीवर पडलेली तार मेलेली आहे असे कधीही समजू नये, तिच्यापासून दूर राहावे, इतरांना अडवावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याने घरी सांगितले तरी अनेक जीव वाचतील.

आणि सर्वांत कठीण काम ग्रामसभेचे आहे. सर्वांना एकाच वेळी वीज मिळू शकत नाही. कोणाला तरी थांबावे लागते. दवाखाना, पिण्याच्या पाण्याची योजना आणि संपर्काचे मनोरे आधी, मग घरे आणि त्यानंतर शेतीपंप, हा क्रम विवेकाचा आहे. घरी प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या रुग्णांची यादीही पंचायतीकडे असावी. हा निर्णय शांततेच्या काळात, सर्वांसमक्ष घ्यावा. संकटात तो घेतला गेला, तर ज्याचा आवाज मोठा त्याची डीपी आधी, असे होते. मग ओढ्यापलीकडील धनगरवाडा, ठाकरवस्ती किंवा ऊसतोड कामगारांच्या झोपड्या यादीच्या तळाशी जातात. शेवटचे रोहित्र तांत्रिक कारणाने शेवटी राहिले, तर ते समजू शकते. तेथील माणसांसाठी बोलणारे कोणी नव्हते म्हणून ते राहिले, तर तो दोष वादळाचा नव्हे.

मित्रहो, खांब उभे करणे हे अभियंत्याचे काम आहे. परंतु त्याच्या हाताला सुरक्षितता देणे, त्याला वाट दाखवणे आणि आपली पाळी येईपर्यंत धीर धरणे, हे गावाचे काम आहे. चावडीवर दिवा लागला म्हणजे काम संपले, असे मानू नका. शेवटच्या वस्तीवरील दिवा लागेल तेव्हाच सरपंचांनी ‘गावात वीज आली’ असे म्हणावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!