विटलेले, नासलेले आणि फुगलेले



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज लालबर्रा येथे जमलो आहोत, ते वसतिगृहातील पंगतीपूर्वी वरणाचा पहिला घास स्वतः घेत. 'विटले' एवढा शब्द त्यांनी उच्चारला की अख्खे पातेले बाजूला जाई. या परीक्षेसाठी मराठीने किती नेमके शब्द घडविले आहेत! दूध नासते, वरण विटते, पीठ आंबते, तेल खवट होते. शिळे अन्न तर दोषीही नव्हे, ते केवळ कालचे. हे शब्द आपल्याला नाकाने आणि जिभेने दिले. पत्र्याच्या बंद डब्यापुढे मात्र ते निरुपयोगी ठरतात.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या फडताळात आमरसाचा एक डबा निघाला. 'बेस्ट बिफोर'ची तारीख उलटून दोन वर्षे झालेली, झाकण किंचित फुगलेले. थोरली बहीण म्हणाली, "टाकतोस कशाला रे? वास तर घेऊन पाहा." टंचाईचे दिवस काढलेल्या माणसाचे ते बोलणे होते, मला ते अवाजवी वाटले नाही. पण ते ऐकणे धोक्याचे होते.

निकोला आपेर या फ्रेंच गृहस्थाने अन्न बाटलीत बंद करून उकळण्याची कृती १८१० मध्ये प्रसिद्ध केली. अन्न का टिकते, हे त्यालाही ठाऊक नव्हते. तो उलगडा पुढे पाश्चरच्या संशोधनाने झाला. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावी अंत्यविधीत वाद्ये वाजविणाऱ्या मंडळींनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले आणि तिघे दगावले. फान एर्मेंगेम यांनी त्यातून हवेवाचून वाढणारा जंतू शोधून काढला. त्या रोगाचे नाव बोट्युलिझम; लॅटिनमध्ये 'बोट्युलस' म्हणजे मांस भरलेले आतडे. या जंतूची बीजे साध्या उकळीला दाद देत नाहीत, म्हणून कारखान्यात मटार, मका, मासे यांचे डबे दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. त्याचे विष अन्नात असूनही वास, रंग, चव जशीच्या तशी राहू शकते. गुरुजींचा तो पहिला घास येथे घातक ठरला असता.

आमरस आंबट, त्यात हा जंतू सहसा वाढत नाही. मात्र आंबटपणा पत्र्याला आतून खातो आणि त्यातूनही वायू निघतो. म्हणजे माझा डबा कदाचित निरुपद्रवीच फुगला असेल. पण फुगण्याचे कारण बाहेरून ओळखता येत नाही. 'बेस्ट बिफोर' ही तारीख बव्हंशी चवीची हमी असते. ती उलटली म्हणजे अन्न विष झाले, असे नव्हे. 'एक्स्पायरी' उलटलेले मात्र खाऊ नये. तारखेइतकाच डबाही पाहावा. पुसून जाणारा गंज चालतो, खोल गंज नाही. सांध्यावर पोचा, गळती, उघडताच उडणारी चिळकांडी, यांपैकी काहीही दिसले तर चव घेण्याचा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला डबा तर मुदतीच्या आधीही बिघडू शकतो.

मी तो डबा न उघडता, कुत्र्यामांजरांनी चाटू नये म्हणून परसात खोल पुरला. बहीण ओट्यावर बसून पाहत होती. "किती रुपयांचा होता?" एवढेच तिने विचारले.