ऐकू येते, पण कळत नाही

(३ मार्च या जागतिक श्रवण दिनानिमित्त शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वडीलधाऱ्या माणसाविषयी एक वाक्य बहुतेक घरांत कधी ना कधी उच्चारले जाते : ‘त्यांना सोयीचे तेवढेच ऐकू येते.’ चहा झाला म्हटले की ऐकू जाते आणि औषध घ्या म्हटले की जात नाही, असा या वाक्याचा रोख असतो. त्या वृद्धाचे म्हणणे मात्र वेगळे असते. आवाज येतो, पण शब्द कळत नाही, असे तो सांगतो. घरच्यांना ती सबब वाटते. वस्तुतः त्याने आपल्या व्याधीचे केलेले हे वर्णन शास्त्रदृष्ट्या अचूक असते.

निरोगी तरुण कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेले ध्वनी ऐकू येतात. या कंपनसंख्येचे माप म्हणजे हर्ट्‌झ. आपल्या बोलण्यातील आ, ओ, ऊ यांसारख्या स्वरांचा जोर मुख्यतः एक हजार हर्ट्‌झच्या आसपास व त्याखाली असतो. ‘स’चा सूत्कार मात्र चार हजारांच्या वर जातो. शिवाय स्वर जोरदार असतात आणि स, त, क, प यांसारखी अघोष व्यंजने फार क्षीण. बोलण्याला आवाज देतात ते स्वर. शब्दाशब्दांतील भेद मात्र बराचसा व्यंजनांवर अवलंबून असतो. वयोमान आणि गोंगाट यांमुळे येणारा श्रवणदोष बहुधा वरच्या कंपनसंख्यांपासून सुरू होतो. म्हणजे आवाज शाबूत राहतो आणि भेद नाहीसा होतो. साप, ताप, काप, चाप हे चार शब्द अशा कानाला जवळजवळ एकच वाटतात.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विक्रेत्याने ‘साठ’ म्हटले आणि त्यातला ‘स’ गळाला, तर उरतो तो ‘आठ’. ‘सात’मधला ‘स’ गेला की ‘आत’ उरते. आणि मन संख्येच्या शोधात असल्यामुळे तेथेही ‘आठ’ ऐकते. बाजारात मालाकडे पाहून चूक उमगते, थोडे हसू होते. दवाखान्याच्या खिडकीशी औषध किती दिवस घ्यावयाचे, हे सांगताना झालेली अशीच चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

मराठीत या ‘स’कडे आणखी एक मोठे काम आहे. ‘गेला’ म्हणजे तो गेला आणि ‘गेलास’ म्हणजे तू गेलास. ‘करतो’ आणि ‘करतोस’, ‘आली’ आणि ‘आलीस’ यांचेही तसेच. क्रियापदाच्या शेवटी येणारा, भराभर बोलताना अर्धवट उच्चारला जाणारा हा ‘स’ कोणाविषयी बोलणे चालले आहे हे ठरवतो. ‘दवाखान्यात गेला होतास का?’ असे धाकट्या भावाला विचारावे, आणि त्याने शेजाऱ्याची हकीकत सांगू लागावे, यात विसराळूपणा नाही आणि बुद्धीचा दोष तर मुळीच नाही. त्याच्यापर्यंत ‘गेला होता का?’ एवढेच पोहोचलेले असते.

याचे कारण अंतर्कर्णात आहे. गोगलगाईच्या शंखासारख्या वळणदार नळीत सूक्ष्म केशपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे ३,५००, तर बाहेरच्या रांगांत सुमारे १२,००० पेशी. नळीचा प्रत्येक भाग विशिष्ट कंपनसंख्येला अधिक प्रतिसाद देतो : दाराशी उंच स्वर, आतल्या टोकाशी खर्ज. ध्वनीची लाट या नळीतून कशी प्रवास करते, हे दाखवून देणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेरच्या पेशींचे काम दुहेरी असते : क्षीण ध्वनी मोठा करणे आणि लगतच्या दोन ध्वनींतील सीमा स्पष्ट राखणे. मनुष्यप्राण्यात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

सीमा पुसट होते म्हणजे काय, हे भजनातल्या पेटीवरून ध्यानात येईल. एक पट्टी दाबावी आणि शेजारच्या दोन पट्ट्या अडकून त्याही वाजाव्यात, अशी पेटी असेल तर भाता कितीही जोराने मारला तरी सूर स्वच्छ निघणार नाही. गोंधळ तेवढा मोठा होईल. बधिर माणसापुढे ओरडणे हे असेच भाता मारणे होय. ओरडताना ‘आ’ फुगतो, ‘स’ आणि ‘त’ जवळपास तेवढेच राहतात. त्यातच या दोषात हळू आवाज मुळीच ऐकू येत नाही आणि थोडा चढवला की एकदम असह्य होतो. ‘काय म्हणालास?’ असे दोनदा विचारणारे आजोबा तिसऱ्या वेळी ‘ओरडतोस कशाला?’ म्हणून संतापतात, ते उगाच नव्हे.

कोणते ध्वनी आधी एकमेकांत मिसळतात, याची पद्धतशीर पाहणी जॉर्ज मिलर व पॅट्रिशिया नायसली यांनी अमेरिकेत केली आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. सोळा इंग्रजी व्यंजने गोंगाटात ऐकवली असता व्यंजन घोष की अघोष आणि अनुनासिक आहे की नाही, हे श्रोत्यांना बरेचसे कळत राहिले. ते मुखात कोठे उच्चारले गेले, हे मात्र लवकर कळेनासे झाले. मराठीत बोलावयाचे तर ‘माप’ आणि ‘ताप’ यांतला फरक टिकतो. ‘पाट’, ‘ताट’ आणि ‘काट’ यांची गल्लत होते. येथे डोळा कानाच्या मदतीला येतो. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात, ‘त’ म्हणताना मिटत नाहीत. उलट प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, पण त्यांतला भेद कानाला त्या मानाने सोपा असतो. २०२० मध्ये साथीमुळे तोंडावर मुखपट्ट्या आल्या, तेव्हा आपण इतकी वर्षे ओठ पाहून ऐकत होतो, हे अनेकांना प्रथमच समजले.

शाळेतील प्रश्न अधिक नाजूक आहे. सर्दी-पडशानंतर मध्यकर्णात द्रव साचला, की कान न दुखताही मुलाचे ऐकणे काही आठवडे मंद होते, पुन्हा सुधारते, पुन्हा मंद होते. हे मूल बहिरे वाटत नाही, कारण हाक मारली की ते वळून पाहते. वर्गाच्या मागच्या बाकावरून मात्र त्याला शब्द अर्धे पोहोचतात आणि त्याच्यावर ‘ढ’ हा शिक्का बसतो. अशा वेळी श्रुतलेखनाची वही पाहण्याजोगी असते. वेलांटी-उकाराच्या चुका सर्वच मुले करतात. परंतु जे मूल ‘साप’च्या जागी ‘ताप’ किंवा ‘चाप’ लिहिते, शब्दांच्या शेवटचा ‘स’ गाळते आणि फळ्यावर लिहिलेले मात्र बिनचूक उतरवते, त्याच्या कानाची तपासणी आधी व्हावी, शिक्षा मागाहून. द्रव साचल्याचा किंवा मळाचा दोष बहुधा उपचाराने जातो. तेथे आतल्या पेशी धड असतात, आवाज वाढवताच शब्दही स्पष्ट होतात.

पेशींचा नाश मात्र परतवता येत नाही. खडी फोडणारे यंत्र, ट्रॉलरचे इंजिन, लाकूड कापण्याची गिरणी, जत्रेतील ध्वनिक्षेपकाच्या भिंती यांपैकी प्रत्येकाजवळ काम करणाऱ्याच्या कानाचा आलेख बहुधा चार हजार हर्ट्‌झच्या आसपास प्रथम खचतो. म्हणजे ‘स’चेच घर आधी कोसळते. कानातले बोळे स्वस्त असतात, तरी ते वापरणारा कामगार विरळा. ते बायकी वाटतात म्हणे!

श्रवणयंत्राविषयी दोन टोकांच्या समजुती आढळतात. यंत्र लावले की पूर्ववत ऐकू येईल, ही एक. आणि पहिल्या आठवड्यातच ते पेटीत ठेवून ‘नुसता गलका होतो’ म्हणणे, ही दुसरी. आधुनिक यंत्र कमी पडणारे उंच ध्वनी तेवढे वाढवते व त्याचा उपयोग निश्चित होतो. पुसट झालेल्या सीमा मात्र ते पुन्हा आखू शकत नाही, आणि मेंदूला या नव्या ध्वनींची सवय होण्यास काही काळ लागतो. म्हणून बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात किंवा अन्यत्र तपासणीस जाणाऱ्याने शिट्टीच्या चाचणीबरोबर शब्दओळखीची चाचणीही होते का, हे विचारावे. तीत एकेक शब्द पुरेशा मोठ्याने ऐकवून त्यांतले किती बरोबर सांगितले, याचे शेकडा प्रमाण काढतात.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणहानी असणारा ‘श्रवणदुर्बल’ आणि ७० डेसिबल वा अधिक हानी असणारा ‘कर्णबधिर’ ठरतो. प्रमाणपत्रासाठी रेषा कोठेतरी आखावी लागतेच. परंतु पंचायत कार्यालयाच्या पंख्याखाली, चार जण एकदम बोलत असताना, ४५ डेसिबलवाल्या अर्जदारालाही ‘सात तारखेला या’ हे कळत नाही, आणि त्याच्याजवळ दाखवावयास कोणताही कागद नसतो. त्याच्याकडे तोंड करून, नेहमीच्याच आवाजात जरा सावकाश बोलावे. तेच शब्द पुन्हा पुन्हा न ओरडता वाक्य बदलून सांगावे. आणि तारीख, रक्कम, गोळ्यांची संख्या असेल तर चिठ्ठीवर आकडा लिहून द्यावा.