कुलपाला तेल नको

बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं, शिलाई मशीनला तेल. पण बचतगटाच्या पेटीचं कुलूप अडलं, की त्यातही आपण खोबरेल सोडतो. चार दिवस बरं चालतं. मग तेलावर धूळ बसते, चिकटा होतो आणि ऐन बैठकीला पेटी उघडत नाही.

तिथे हवं कोरडं वंगण. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि माती असते. ग्रॅफाइटचे थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून घसरतात. तेल न घातलेलं कुलूप असेल, तर किल्लीच्या दातांवर मऊ पेन्सिल घासा, किल्ली आतबाहेर करा, हलकेच फिरवा. अवकाशातल्या काही यंत्रांनाही कोरडं वंगण लावतात, मात्र ते वेगळ्या प्रकारचं असतं. तिथे साधं तेल उडून जातं.

मात्र ग्रॅफाइटमधून वीज वाहते. बटण, प्लग, मोटारीजवळ ही भुकटी नेऊ नका.