‘मला येत नाही’ म्हणायची हिंमत

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)



लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर एका हाताने कडी घट्ट धरा. आज मी तुम्हाला एका ‘हो’ची गोष्ट सांगणार आहे. दोन सेकंदांचा ‘हो’, पण मला फार महाग पडला.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा जिथे काम करायचे तिथे एका रात्री मला डेटाबेसमध्ये छोटा बदल करायचा होता. संध्याकाळच्या कॉलवर सीनियरने विचारलं, “काही बिघडलं तर रोलबॅक कसा करायचा, माहितीये ना?” मी म्हणाले, “हो.”

मला माहिती नव्हतं. कॉलवर आठ जण होते. बीटेक झालेली मुलगी, टीममध्ये दीड वर्ष, आणि हे विचारायचं? मला लाज वाटली. वाटलं, नंतर गुगल करू.

रात्री साडेअकराला मी क्वेरी चालवली. तिच्यात ‘व्हेअर’ची ओळ राहून गेली होती. कोडिंग न करणाऱ्यांसाठी सांगते. ‘फक्त या घराला निळा रंग द्या’ असं सांगायचं होतं, मी सांगितलं, ‘रंग निळा द्या.’ सगळी बिल्डिंग निळी झाली. हजारो ग्राहकांच्या नावापुढे एकच पत्ता.

आता खरी गोष्ट इथे आहे. मी लगेच फोन केला नाही. चाळीस मिनिटं मी गप्प बसून एकटीच शोधत राहिले, हात थरथरत होते. त्या चाळीस मिनिटांत नवीन ऑर्डरी येत राहिल्या आणि गुंता वाढत गेला. शेवटी फोन केला तेव्हा रडत होते. पहाटेपर्यंत तिघांनी मिळून बॅकअपवरून सगळं परत आणलं.

दुसऱ्या दिवशी सीनियर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “संध्याकाळी विचारलं असतंस तर दोन मिनिटं लागली असती.” पुढे काही महिने माझ्या कामावर नजर होती, नोकरी राहते की जाते अशी वेळ होती. पण मला झोप येत नव्हती ती दुसऱ्याच कारणाने. मी खोटं का बोलले? मी तर रविवारी मंडळीत लहान मुलांना खरं बोलायला शिकवते!

‘हुशार’ नावाचा पिंजरा

उत्तर शोधताना मला कॅरल ड्वेक सापडल्या. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. ‘ग्रोथ माइंडसेट’ हा शब्द तुम्ही रील्सवर शंभर वेळा ऐकला असेल, तो त्यांचा. 2006 साली त्यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक आलं. साधी गोष्ट आहे. काही जण मानतात की बुद्धी जन्मतः ठरलेली असते. काही जण मानतात की ती मेहनतीने, योग्य पद्धतीने, इतरांच्या मदतीने वाढते. दुसऱ्या विचाराला ग्रोथ माइंडसेट म्हणतात.

पण मला हलवलं ते त्यांच्या 1998 सालच्या एका प्रयोगाने. क्लॉडिया म्युलर यांच्यासोबत त्यांनी पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, “तू हुशार आहेस.” काहींना म्हटलं, “तू छान मेहनत केलीस.” मग मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळीच मुलं आपटली. नंतर दुसऱ्या शाळेतल्या मुलांसाठी आपले गुण लिहायला सांगितले. ज्यांना ‘हुशार’ म्हटलं होतं, त्यांच्यातल्या जवळपास 40 टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत हे प्रमाण खूपच कमी होतं.

मी ते वाचलं आणि मला माझा ‘हो’ ऐकू आला.

लहानपणापासून मी ‘हुशार मुलगी’. दहावीचे मार्क मंडळीत उपासनेनंतर जाहीर झाले, टाळ्या वाजल्या. आजी सगळ्यांना सांगायची, आमची पोरगी कंप्युटरवाली होणार. प्रेमानेच सगळं. पण ‘हुशार’ हा शब्द मला जपायचा दागिना वाटायला लागला. दागिना जपायचा तर गर्दीत जायचं नाही. आणि नवीन काही शिकणं म्हणजे गर्दीच की.

जमिनीत पुरलेली थैली

प्रभू येशूने सांगितलेला एक दाखला आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात. धनी परदेशी जाताना तीन चाकरांकडे पैसे सोपवतो. एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघं व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून पैसे पुरून ठेवतो.

मी हा दाखला आळसाबद्दल आहे असं समजत होते. पण नीट वाचा. तिसरा चाकर स्वतःच कारण सांगतो: मला तुमची भीती वाटली. त्याच्या डोक्यात धनी कठोर होता, हिशेब मागणारा होता. म्हणून त्याने एकच ध्येय ठेवलं, चुकायचं नाही. आणि तो चुकला नाहीच. पै न् पै परत केली. तरी हरला.

म्हणजे धनी कसा आहे असं आपण मानतो, यावर आपण धडपडणार की पुरून ठेवणार, हे ठरतं.

आता दुसरं चित्र बघा. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशवाणी होते, हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे अशा अर्थाची. हे कधी होतं? एकही चमत्कार झालेला नाही, एकही प्रवचन झालेलं नाही. रिझल्ट लागायच्या आधीच बाप म्हणतो, तू माझा आहेस.

मित्रांनो, मला जे कळलं ते एवढंच. शिकायचं असेल तर आधी अडाणी दिसावं लागतं. आणि अडाणी दिसायची हिंमत तेव्हाच येते, जेव्हा आपली किंमत त्या कॉलवर ठरणार नसते. ग्रोथ माइंडसेट मला सांगतो की मी वाढू शकते. विश्वास मला सांगतो की वाढले नाही तरी मी टाकाऊ नाही. पहिल्या वाक्याने रस्ता दिसतो. दुसऱ्यामुळे त्या रस्त्यावर पडायची भीती जाते. माझ्या बाबतीत तरी दुसऱ्याशिवाय पहिलं चाललं नाही.

आजीच्या कपाटातलं पुस्तक

आता जरा घराजवळ येऊ. आम्ही भायखळ्याचे. जे. जे. रुग्णालयावरून मी आठवड्यातून चार वेळा तरी जाते. फार जणांना माहिती नसतं की आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक याच रुग्णालयात 9 मे 1919 रोजी वारले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ आजीच्या कपाटात होतं. त्या वाईट महिन्यांत मी ते काढलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा नाही. वडिलांचं सोवळं एवढं कडक की घरात येणारी मीठ-साखरसुद्धा धुवून घ्यायची. अकराव्या वर्षी लग्न. लिहा-वाचायला शिकवलं नवऱ्याने, तेही सलग नाही, जमेल तेव्हा, भांडत भांडत. 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी लगेच धर्म बदलला नाही. सोवळं पाळलं, वाद घातले, विचार केला. कुणाच्याही हातचं पाणी प्यायला हरकत नाही, इथवर त्या स्वतःच्या पायाने चालत आल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या निर्णयाने.

टिळक गेले तेव्हा येशूच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. अर्धवट म्हणजे, दहाएक अध्याय झाले होते. पुढचे साठहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईने! आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. आज मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्याचं नाव घेतात.

पण मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं सांगू? त्या स्वतःवर हसतात. आपली फजिती, आपलं अज्ञान, आपला हट्ट, काहीच लपवत नाहीत. जे मी आठ जणांपासून लपवलं, ते त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला सांगितलं. पुस्तक वाचताना मी हसत होते आणि मध्येच डोळ्यांत पाणी येत होतं. वाटलं, या बाईंना कुणाला काही सिद्ध करून दाखवायचंच नाहीये.

सगळ्या भिंती पडत नाहीत

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. ‘तू ठरवलंस तर काहीही होऊ शकतं’ हे वाक्य मला आता पटत नाही.

पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. पण त्यांना ऐकू कमी येत गेलं आणि वैद्यकीचं दार बंद झालं. जिद्द कमी नव्हती. प्रार्थना कमी नव्हती. बहिरेपण गेलं नाही. मग त्या शिकल्या, शिकवायला लागल्या, पुढे अमेरिकेत गेल्या. परत आल्यावर 11 मार्च 1889 ला इथे, आपल्या चौपाटीवर, विधवा मुलींसाठी ‘शारदा सदन’ उघडलं. उतारवयात तर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते काम हातावेगळं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या.

पौलानेही आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली होती. काटा राहिला. त्याला कृपा मिळाली, आणि तो काट्यासकट चालत राहिला.

म्हणून ‘अजून येत नाही’ आणि ‘हे माझं नाही’ यातला फरक ओळखायला शिकायचं. रोलबॅक मला ‘अजून’ येत नव्हता. पण मी कधीच रात्रभर जागून ताजी राहणारी माणूस होणार नाही, हे मी मान्य केलंय. म्हणून आता रात्रीचे बदल मी एकटीने करत नाही.

माती लागते

शेवटचा मुद्दा. 2019 साली ‘नेचर’मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या नववीच्या 12 हजारांहून जास्त मुलांना तासाभरापेक्षा कमी वेळाचं ऑनलाइन ग्रोथ माइंडसेट शिक्षण दिलं किंवा तुलनेसाठी दुसरं काही दिलं. मागे पडलेल्या मुलांचे ग्रेड सरासरी 0.1 गुणाने वाढले. फार नाही, ना? जादू वगैरे नाहीच. पण ज्या शाळांत आजूबाजूची मुलंही अवघड आव्हान घ्यायला तयार होती, तिथे फायदा जास्त दिसला.

म्हणजे बी एकटं पुरत नाही, माती लागते. लक्ष्मीबाईंना टिळक होते. मला तो न ओरडणारा सीनियर होता. आणि मंडळीतला तरुण संघ होता. त्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, “ताई, मी तर दोन एटीकेटी घरी सांगितल्याच नाहीत.” मग दुसरी बोलली. मग तिसरा. त्या संध्याकाळी गाणी राहिलीच, पण इतकी खरी प्रार्थना आम्ही आधी केली नव्हती.

तर या आठवड्यात दोन गोष्टी करा. एक, एका माणसाला मोठ्याने सांगा: “मला हे अजून येत नाही, शिकवशील?” ‘अजून’ विसरू नका. दोन, तुमच्यासमोर कुणी असं म्हणालं तर हसू नका. “एवढंही येत नाही?” हे तीन शब्द आपण सगळ्यांनी बंद करू. लहान भावंडांना ‘हुशार’ म्हणण्याऐवजी विचारा, “हे कसं सोडवलंस, मला दाखव ना.”

तुम्ही ख्रिस्ती नसाल, तरी माझा प्रश्न तुम्हालाही आहे. तुमची किंमत कुठे ठरते? मार्कांत, पॅकेजमध्ये, कॉलवरच्या आठ चेहऱ्यांत? ती जागा हलणारी असेल तर तुम्ही थैली पुरूनच ठेवणार. मला माझी न हलणारी जागा येशूमध्ये सापडली. तुमची जागा शोधा, बोला कुणाशी तरी.

मागच्या महिन्यात आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगी आली. पहिल्याच कॉलवर मी तिला विचारलं, “रोलबॅक माहितीये ना?” ती क्षणभर थांबली. ती शांतता मी ओळखली. म्हटलं, “मलाही नव्हता माहिती. ये, स्क्रीन शेअर कर.”

दोन मिनिटं लागली.

चला, पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत प्रभू तुम्हाला राखो. सलाम.