डीपीची वही

हरभऱ्याचं ओलीत घरच्यांवर सोपवून रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा आणि वाशीम अशा सहाही तालुक्यांतून आलेल्या बंधू-भगिनींनो,

वीज आणि सहकार हे दोन शब्द एकत्र घेऊन भरलेल्या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. माझी सारी नोकरी तारांखाली गेली. निवृत्तीनंतर घर आवरताना वडिलांच्या लाकडी पेटीत मला एक दोनशे पानी वही सापडली, आणि आज काय बोलायचं ते तिनंच ठरवलं. वही मी सोबत आणली आहे.

आमचं वावर मालेगाव तालुक्यात. मी शाळेत असताना ऐन रब्बीत आमची डीपी जळाली. कागदावर तिला रोहित्र म्हणतात, पण इथे बसलेल्या प्रत्येकासाठी ती डीपीच. सतरा दिवस गहू कोरडा राहिला. अर्ज झाले, हेलपाटे झाले. अखेर त्या डीपीवरच्या बावीस शेतकऱ्यांनी वर्गणी केली, ट्रॅक्टर ठरवला, दोर आणला, जळालेली डीपी उतरवून नेली आणि दुरुस्त झालेली आणून बसवली. त्याचा सगळा हिशेब या वहीत वडिलांच्या अक्षरात आहे. ट्रॅक्टरचं भाडं, दोर, चहा. बावीस नावं आणि नावापुढे रक्कम. दोन नावांपुढे ‘सोयाबीन विकल्यावर’ असं लिहिलंय, आणि शेजारी वेगळ्या शाईत ‘जमा’. एका काकूंच्या नावापुढे रक्कमच नाही. तिथे लिहिलंय : ‘भाकरी, अकरा माणसं’.

राजेहो, ही सहकारी संस्था होती. तिला नोंदणी क्रमांक नव्हता, शिक्का नव्हता, पण वर्गणी होती, हिशेब होता, ज्याला पैसे देणं जमत नव्हतं त्याचे कष्ट मोजले जात होते, आणि वही कोणालाही पाहता येत होती. कमी होती ती अधिकाराची. ज्या डीपीसाठी या बावीस जणांनी पैसे आणि कष्ट घातले, तिच्यावर नवी जोडणी द्यायची की नाही, ती कुठे बसवायची, ती किती भार सोसेल, यातलं काहीच त्यांना कोणी विचारलं नाही. आपल्या जिल्ह्यात आजही असंख्य डीपींचं हेच चालू आहे. खर्च सभासदासारखा करायचा, आणि बोलायची वेळ आली की रांगेतला ग्राहक व्हायचं. माझं आजचं सारं म्हणणं या एका विसंगतीबद्दल आहे.

हा प्रश्न जगात आपल्याला पहिल्यांदा पडलेला नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत शंभरातल्या जेमतेम दहा-अकरा शेतघरांत वीज होती. खासगी कंपन्यांचं म्हणणं असं की, मैलभर तार ओढायची आणि दोन-तीन घरं जोडायची, हे परवडत नाही. १९३५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र यंत्रणा काढली, दुसऱ्या वर्षी कायदा झाला, आणि सरकारचं स्वस्त कर्ज घ्यायला शेतकरी पुढे आले. पाच डॉलर सभासद वर्गणी, एका सभासदाला एक मत, आणि वर्षाअखेर शिल्लक उरली तर ज्यानं जितकी वीज वापरली त्या प्रमाणात ती त्याच्या नावे जमा. तिथे आज अशा सुमारे नऊशे संस्था आहेत. वादळात एका संस्थेचे खांब पडले की दुसऱ्या संस्थेचे लाइनमन गाड्या घेऊन तिथे पोचतात. अलीकडे कित्येक संस्थांनी याच खांबांवरून गावात इंटरनेटही नेलं. मालक गावातच राहतो, त्यामुळे गावाची पुढची गरज त्याला अर्ज न करता कळते.

आपल्याकडे १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं. त्याच सुमारास अमेरिकेच्या मदतीनं देशात पाच जागी ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या करण्याचा प्रयोग ठरला. तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ, आणि महाराष्ट्रात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा. पाचातली एक आपल्या राज्याला मिळाली आणि ती प्रवराकाठी गेली, याचं नवल वाटायला नको. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांनी त्याच मातीत सहकारी साखर कारखाना उभा केला होता. तिथल्या शेतकऱ्याला भागभांडवल, सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण हे शब्द पाठ होते. आपल्या विदर्भात तेव्हा काय होतं? वि. म. दांडेकर समितीनं १९८४ च्या अहवालात विदर्भाचा अनुशेष मोजला, त्यात कृषिपंपांच्या विजेचा रकाना वेगळा करावा लागला. अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ ला आपला वाशीम जिल्हा जन्मला तोच हा अनुशेष पदरात घेऊन, आणि २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपलं नाव आलं.

मुळा-प्रवरा चाळीस वर्षं चालली. राज्यात बहुतेक ठिकाणी राज्य वीज मंडळाची वीज असताना श्रीरामपूर, राहुरी आणि आसपासच्या तालुक्यांतल्या गावांत विजेचं बिल सहकारी संस्थेच्या नावानं येत होतं. लाइनमन संस्थेचा, संचालक मतदानानं निवडलेला, आणि तक्रार घेऊन जायचं ठिकाण सायकलच्या अंतरावर. हे मोठं काम होतं आणि त्याची आठवण आपण आदरानं ठेवली पाहिजे. ३१ जानेवारी २०११ रोजी तिचा परवाना संपला आणि दुसऱ्या दिवसापासून तिथलं वितरण महावितरणकडे गेलं. तोवर वीजखरेदीपोटी संस्थेच्या नावे साठलेली थकबाकी २,००० कोटी रुपयांच्या वर गेली होती.

असं का झालं, हे आपण सहकारवाल्यांनीच उघडपणे बोललं पाहिजे. राजकारणाकडे बोट दाखवून विषय संपवणं सोपं असतं. मला वीज अभियंता म्हणून दिसतं ते असं. संस्था वीज विकत घ्यायची मीटरवर, युनिटच्या दरानं. विकताना मात्र शेतीपंपांच्या मोठ्या भागाला ती अश्वशक्तीवर विकली जायची, मोटर दोन तास चालो की बारा. ऊसपट्टा असल्यामुळे खपात शेतीचा वाटा प्रचंड. राज्याच्या मंडळाजवळ मुंबई-पुण्याकडच्या कारखान्यांचा चढा दर होता, त्यातून शेतीची सवलत भागायची. संस्थेजवळ तो आधार तुटपुंजा होता. वितरणातली गळती आणि वसुलीतली ढिलाई त्यात मिळाली. मीटर नाही म्हटल्यावर वीज नेमकी कुठे गेली हे सभासदाला सांगता येत नव्हतं आणि संचालकालाही. वहीत आवक दिसते आणि जावक दिसत नाही, अशी संस्था दुधाची असो की विजेची, ती टिकत नाही.

पण त्या पाचातल्या हुक्केरी आणि सिरसिल्ला अजून वीज देतात. हुक्केरी बेळगाव जिल्ह्यात आहे, मराठी बोलणाऱ्या सीमाभागाला लागून. सहकारानं वीज देणं अशक्य आहे असं कोणी म्हटलं, तर उत्तर द्यायला फार लांब जावं लागत नाही.

आता मी थोडा तांत्रिक होतो. तुम्ही सारे मोटर चालवणारे आहात, त्यामुळे कंटाळणार नाही.

१०० केव्हीएची डीपी साधारण पाच अश्वशक्तीच्या वीसेक मोटरी नीट ओढते. मोटर मात्र कामापुरताच करंट घेत नाही. तिच्या गुंडाळीत चुंबकत्व तयार करायला ती जास्तीचा करंट ओढते, आणि तो फुकट तारा अन् डीपी तापवतो. स्टार्टरला योग्य मापाचा कॅपॅसिटर लावला की हा करंट जागच्या जागी भागतो. तारेतून येणारा करंट सुमारे पाव हिश्शानं उतरतो आणि शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्याला व्होल्टेज मिळतं. पण एकट्यानं लावला तर डीपीला जाणवतही नाही. खर्च त्याचा आणि फायदा एकोणीस शेजाऱ्यांचा. म्हणून तो लावत नाही, कोणीच लावत नाही, आणि डीपी जळते ती सगळ्यांची.

ऑटोस्विचचंही तसंच. रात्री दोनला लाइन येणार, थंडीत कोण उठणार, वाटेत साप आणि रानडुक्कर, म्हणून शेतकरी ऑटोस्विच लावतो. त्यात त्याचा दोष मी मानत नाही. मी स्वतः टॉर्च घेऊन त्या बांधावरून गेलो आहे. पण लाइन आली की वीसही मोटरी एका क्षणी उठतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कैक पट करंट ओढते. मग फ्यूज जातो, आणि अंधारात कोणीतरी डीपीच्या पेटीत हात घालतो. त्या पेटीनं आपल्या भागातली तरणीताठी माणसं नेली आहेत. त्यांची नावं इथे बसलेल्या कित्येकांना माहीत आहेत.

सर्वसाधारण सभा व्हायला हवी ती याच विषयांवर. वीसजण वीस मिनिटं बसले, कॅपॅसिटर एकत्र आणले, मोटरी पाळीनं सुरू करायचं ठरवलं, अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी कोण टाकणार ते लिहून ठेवलं, फ्यूजला हात फक्त लाइनमननं लावायचा हे ठरवून त्याचा फोन डीपीवर रंगवला, तर त्या डीपीचं आयुष्य वाढेल आणि माणसांचंही. यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नाही. नोकरीत असताना मी हे कितीदा तरी सांगितलं. पण मी सांगायचो तेव्हा तो ‘साहेबांचा’ सल्ला असायचा. तेच शेजाऱ्यानं सांगितलं की ऐकलं जातं, हे मी पाहिलं आहे.

तुमच्या मनात आलं असेल : साहेब, आता तर वीज मोफत आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल पाच वर्षांसाठी शासन भरतं. सौरपंप आले आहेत, सौर वाहिन्यांमुळे दिवसा वीज येऊ लागली आहे. दिवसाच्या विजेचं मी दोन्ही हातांनी स्वागत करतो. ज्या बाईनं नवऱ्याला रात्री ओलिताला पाठवून सकाळपर्यंत दाराकडे पाहिलं आहे, तिला या सुधारणेचं मोल मी काय सांगावं. पण एक काळजी बोलून दाखवतो. बिल शून्य झालं की बिलावरचं भांडणही संपतं, आणि भांडण हा आपला उरलासुरला हक्क होता. जो पैसे देत नाही त्याला हिशेब कोण दाखवणार? प्रत्येकाच्या वावरात वेगळा सौरपंप आला की बावीस जणांची वहीही बंद होते. मोटर एकट्याची आणि बिघाडही एकट्याचा.

म्हणून आज जे दार उघडं आहे त्यातून आपण वेळेत आत गेलं पाहिजे. २००३ च्या विद्युत कायद्याचं पाचवं कलम ग्रामीण भागातल्या स्थानिक वितरणाच्या व्यवस्थापनासाठी पंचायती आणि ग्राहकांच्या संघटनांबरोबर सहकारी संस्थांचंही नाव घेतं. केंद्राच्या कुसुम योजनेच्या पहिल्या भागात ५०० किलोवॉटपासून २ मेगावॉटपर्यंतचे सौर प्रकल्प शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती आणि पाणीवापर संस्था उभारू शकतात. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. आपल्याकडे उपकेंद्राच्या आसपास मुरमाड, बरड जमीन कुठे कुठे आहे हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. तो प्रकल्प बाहेरच्या कंपनीचा झाला तर गावाला भाडं मिळेल आणि ते वाईट नाही. पण तो गावच्या संस्थेचा झाला तर वीज विकल्याची रक्कम गावच्या खात्यावर येईल, आणि सभासद विचारू शकेल की यंदा किती युनिट गेले आणि पैसे कुठे लागले. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी मोजक्या शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी मंडळी काढली, आणि ओलितातून उरलेली वीज मीटर लावून वीज कंपनीला विकली. सहा जणांपासून सुरुवात झाली. आमच्या वहीत बावीस होते.

कर्ज लागेल, तारण लागेल, बँक प्रश्न विचारेल, हे मला ठाऊक आहे. उद्या सकाळचं पूर्ण सत्र त्यावरच आहे, त्यामुळे मी त्यात शिरत नाही. मुळा-प्रवरेच्या अनुभवावरून माझा एकच आग्रह आहे : पहिल्या दिवसापासून मीटर. प्रत्येक सभासदाचा मीटर, प्रत्येक डीपीचा मीटर, आणि दोन्हींतला फरक दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. तारेवर आकडा टाकून वीज चोरणाऱ्याचं नाव लिहायची गरज पडणार नाही. फरक दिसला की गावाला कळतं.

तेव्हा माझी विनंती अशी. उद्या दुपारी हिशेबाचं सत्र आहे. आज रात्री घरी फोन करा. तुमच्या डीपीवर किती जोडण्या आहेत, गेल्या पाच वर्षांत ती किती वेळा जळाली, प्रत्येक वेळी किती वर्गणी झाली आणि कोणाकडे जमा झाली, एवढं विचारून कागदावर घ्या. कुणाकडे जुनी वही निघाली तर ती मागवून घ्या. सगळ्या वह्या याच टेबलावर ठेवू. माझ्या वडिलांची मी इथेच ठेवून जातो आहे.