साक्षीदार दुसऱ्या घरीं

दुकानास आग लागावी आणि दुकानाची रोजकीर्दही त्या आगींतच जळावी, ही गोष्ट श्रोत्यांच्या ऐकण्यांत असेल. माल तर जातोच; शिवाय काय गेलें हें सांगणारा साक्षीदारही उरत नाहीं. संगणकाची स्थिति याहून निराळी नाहीं.

लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या लिनक्स प्रणालीवर चालणारें यंत्र अहोरात्र आपली रोजकीर्द लिहीत असतें. कोण आंत आलें, कोणाचा परवलीचा शब्द चुकला, कोणतें काम मध्येंच बंद पडलें, तें सारें तींत येतें. या वहीस लॉग म्हणतात. परंतु ती बहुधा त्याच यंत्राच्या तबकडीवर असते, आणि मेख येथेंच आहे. तबकडी बिघडली कीं वही गेली. चोरानें यंत्राचा ताबा घेतला, तर तो आधीं आपल्या पावलांच्या खुणा पुसतो.

लिनक्स जन्मण्यापूर्वींची एक हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. १९८६ सालीं अमेरिकेंत बर्कले येथील लॉरेन्स प्रयोगशाळेंत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञास संगणकाच्या हिशेबांत अवघ्या ७५ सेंटांचा फरक आढळला. कोणी परका आंत शिरत होता. स्टोल यांनीं बाहेरून येणाऱ्या तारांनाच छापयंत्रें जोडलीं. चोराची प्रत्येक आज्ञा कागदावर उमटूं लागली, आणि तो कागद पुसणें त्याच्या हातीं नव्हतें. अखेर माग पश्चिम जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं लागला.

त्या कागदाचें काम आतां दुसरें यंत्र करतें. एरिक ऑलमन यांनीं बर्कले येथेंच सेंडमेल या टपालवाहक कार्यक्रमासाठीं सिसलॉग ही नोंदींची रीत बसविली. तींत प्रत्येक नोंदीस ० ते ७ अशी गांभीर्याची पायरी असते. ० म्हणजे यंत्र निकामी. आरसिसलॉग या कार्यक्रमास एका ओळींत आज्ञा दिली, कीं नोंदी दूरच्या यंत्राकडे निघतात. पत्त्यापूर्वीं एक ‘अॅट’ चिन्ह घातलें, तर नोंद साध्या पोस्टकार्डाप्रमाणें जाते. पोंचली कीं नाहीं, तें कळत नाहीं. दोन चिन्हें घातलीं, तर पोंच घेत घेत जाते. वाट तुटली असतां नोंदी तबकडीवर थोपवून धरण्याची आज्ञाही वेगळी द्यावी लागते. वाटेंत कोणी वाचूं नये म्हणून त्या मोहोरबंद करून, म्हणजे टीएलएसच्या सांकेतिक रूपांत, पाठवितां येतात.

दोन्ही यंत्रांचीं घड्याळें जुळलेलीं हवींत. जुन्या धाटणीच्या नोंदींत महिना, तारीख व वेळ असे, पण साल नसे. २००९ च्या नियमांनीं ती उणीव भरून काढली. दुसऱ्या घराची किल्लीही निराळी हवी, नाहीं तर एकाच चोरीस दोन्ही घरें बळी पडतील.

ही व्यवस्था केवळ चोरासाठीं नव्हे. यंत्र सांभाळणाऱ्या प्रामाणिक सेवकावर आळ आला, तर त्याच्या हाताबाहेर राहिलेली हीच वही त्याची बाजू मांडते. चोराच्या हातीं पडलेलें यंत्र पुढें खोटें बोलूं शकेल, मुकेंही होईल. परंतु तोंवर दुसऱ्या घरीं पोहोंचलेला शब्द त्यास परत घेतां येत नाहीं.